शून्यानंतर काय मोजायचे?

२०१८ सालच्या एका दिवाळी अंकात मी ग्राफीनवर लेख लिहिला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीतले युआन काओ, पाब्लो हारिल्यो-एरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोध जाहीर केला होता. कार्बनचे एकेक अणू जाडीचे दोन पापुद्रे एकावर एक ठेवून त्यांच्यात सुमारे १.१ अंशाचा पीळ दिला आणि इलेक्ट्रॉनांची संख्या नेमकी राखली, तर १.७ केल्विनच्या आसपास ती जोडी अतिवाहक होते. इतरांसारखा मीही भारावलो, आणि त्या भरात एक वाक्य लिहून गेलो : विद्युतरोध शून्य झाला, की मोजण्यासारखे काही उरत नाही. वाक्य ठसकेबाज होते. एका परिचितांनी पत्रात ते उतरवून काढून कौतुकही केले. ते चूक होते.

किती चूक, हे कळायला २०२५ साल उजाडावे लागले. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘नेचर’मध्ये दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. छापील अंकात ते पाठोपाठच्या पानांवर आहेत. एक हार्वर्डमधला, अभिषेक बॅनर्जी, फिलिप किम आणि सहकारी यांचा, तीन पापुद्र्यांच्या पीळदार ग्राफीनवर. दुसरा एमआयटीतला, मियुको तनाका, जोएल वांग, विल्यम ऑलिव्हर आणि सहकारी यांचा, दोन पापुद्र्यांवर. रोध शून्य झाल्यानंतर त्या पापुद्र्यांत काय चालते ते मोजणे, हा दोन्हींचा विषय. सूक्ष्मलहरींचा अनुनादक, म्हणजे मायक्रोवेव्ह रेझोनेटर, हे दोन्हींचे हत्यार.

हे निबंध गाजले, आणि गाजले ते एका विशिष्ट वाचनामुळे. ‘जादुई कोनाचे गूढ उकलले’, ‘अतिवाहकतेचा उगम सापडला’ अशा थाटाचे बरेच काही मी फेब्रुवारीनंतर वाचले. मूळ निबंध त्याहून सावध आहेत आणि, माझ्या मते, त्याहून अधिक रोचकही आहेत. म्हणून एखाद्या ललितकृतीची समीक्षा करावी तसे ते वाचायचे मी ठरवले : आकडा कोणता मिळाला, तो कसा मिळाला, आणि त्याला जोडलेले कारण त्या आकड्यातून खरोखर निघते का.

सुरुवात शून्यापासूनच करू. १९११ साली लायडनला हाइके कामरलिंग ओन्स यांच्या प्रयोगशाळेत पारा ४.२ केल्विनपर्यंत थंड केला आणि त्याचा रोध एकाएकी नाहीसा झाला. तेव्हापासून अतिवाहकतेची ओळख आपण या नाहीसे होण्यावरून सांगतो. पण प्रयोग करणाऱ्याच्या जागी जाऊन पाहा. तो पदार्थातून विद्युतधारा सोडतो आणि दोन टोकांमधले विभवांतर मोजतो. अतिवाहक झाल्यावर काटा शून्यावर येतो आणि तिथेच राहतो. अजून थंड करा, शून्य. इलेक्ट्रॉन थोडे कमी-जास्त करा, शून्यच. चांगला अतिवाहक आणि जेमतेम टिकलेला अतिवाहक या दोहोंचे उत्तर एकच येते. धारा इतकी वाढवली की अतिवाहकता मोडेल, तर काटा हलतो खरा. पण मग आपण मोजतो ते मोडण्याचा क्षण. जिवंत माणसाची नाडी पाहायची सोडून तो कधी कोसळतो याची वाट पाहण्यासारखेच ते.

अतिवाहकात इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमतात आणि त्या सगळ्या जोड्या एका तालात येतात. या ‘एका तालात’ला भौतिकशास्त्रात फेज म्हणतात. पुण्यातले एखादे मोठे ढोल-ताशा पथक डोळ्यांपुढे आणा. दोनशे ढोल एका ठोक्यावर चालले आहेत. आता पथकाच्या एका टोकाला कुणी ठोका किंचित पुढे ओढायचा प्रयत्न केला, तर उरलेले पथक त्याला किती विरोध करील? पथक पक्के असेल तर एका टोकाला केलेली ओढाताण चटकन सगळ्यांना जाणवते आणि तिची किंमत भरावी लागते. कच्चे असेल तर एक टोक एकीकडे, दुसरे दुसरीकडे, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. टोकापासून टोकापर्यंत तालात फरक पाडायला लागणाऱ्या ऊर्जेवरून जी राशी निघते, तिला इंग्रजीत सुपरफ्लुइड स्टिफनेस म्हणतात. मी तिला ताठरपणा म्हणतो. हा शब्द पूर्ण समाधानकारक नाही. ताठरपणा म्हटले की आपल्या घरातले एखादे काका आठवतात. शिवाय मी हे सांगत असताना एका मित्राने विचारले, “म्हणजे तो ग्राफीनचा कागद कडक होतो का?” होत नाही. कागद जसाच्या तसा असतो. ताठर असतो तो जोड्यांचा सामाईक ताल.

ही राशी दुय्यम नाही. दोन मितींच्या पदार्थात तर अतिवाहकता टिकणार की नाही हे तीच ठरवते. पातळ थरात उष्णतेने तालाला भोवरे पडतात, आणि ताठरपणा पुरेसा नसेल तर जोड्या शाबूत असूनही अतिवाहकता जाते. बेरेझिन्स्की, कॉस्टर्लिट्झ आणि थाउलेस यांनी १९७०च्या दशकात हे दाखवले. २०१६च्या नोबेल पारितोषिकात कॉस्टर्लिट्झ आणि थाउलेस यांचा वाटा होता तो या कामासाठीही. मी २०१८ साली ज्याला ‘मोजण्यासारखे काही उरत नाही’ म्हणालो, तिथेच सगळ्यात महत्त्वाचे मोजायचे होते.

ते मोजायचे कसे याची वाट सूक्ष्मलहरींनी पूर्वीच घालून दिली होती, आणि तिचा इतिहास मला फार आवडतो. ब्रायन पिपर्ड दुसऱ्या महायुद्धात रडारवर काम करत होते. युद्ध संपल्यावर केंब्रिजला परतताना त्यांच्यापाशी सूक्ष्मलहरींची विद्या होती, आणि ती त्यांनी अतिवाहकांवर चालवली. धातूच्या अनुनादकात लहर घुमवायची आणि तिचा सूर कुठे लागतो ते पाहायचे. अतिवाहकाच्या पृष्ठभागातून चुंबकीय क्षेत्र किती खोल शिरते यावर तो सूर थोडासा अवलंबून असतो, आणि ती खोली ताठरपणाशी बांधलेली असते. १९५३ साली पिपर्ड यांनी कथिलात थोडे इंडियम मिसळून पाहिले. थंडीत कथिल अतिवाहक राहिले, रोध शून्यच, पण शिरकावाची खोली बदलली. इलेक्ट्रॉनांचा एकमेकांशी असलेला संबंध काही एका लांबीपर्यंत पसरतो, ही कल्पना त्यातून पक्की झाली. चार वर्षांनी बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांचा सिद्धान्त आला, तेव्हा ती लांबी त्यात आपल्या जागी बसली. दर वेळी शून्य उत्तर देणाऱ्या रोधातून हे कधी निघाले नसते.

दुसरा प्रसंग १९९३चा, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातला. वॉल्टर हार्डी, डग बॉन आणि सहकाऱ्यांनी इट्रियम-बेरियम-तांबे-ऑक्सिजन या उच्च तापमानाच्या अतिवाहकाचा स्फटिक सूक्ष्मलहरींच्या अनुनादकात ठेवला. नेहमीच्या अतिवाहकात जोडी तोडायला सगळ्या दिशांना ठरावीक किमान ऊर्जा लागते, म्हणून अतिथंडीत तापमान थोडे वाढवले तरी ताठरपणा जवळपास हलत नाही. हार्डी यांच्या स्फटिकात तो तापमानाच्या सरळ प्रमाणात उतरत गेला. अर्थ असा, की काही दिशांना जोडी तोडायला ऊर्जाच लागत नाही. जोड्यांच्या आकारात कोरड्या जागा आहेत. पण या प्रसंगातली दुसरी गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून ती इथेच सांगतो. त्याआधी त्याच पदार्थाच्या पातळ थरांवरच्या मोजमापांत सरळ रेषा दिसत नव्हती, वर्गाचे प्रमाण दिसत होते. दोष आणि अशुद्धी सरळ रेषेला वाकवून वर्ग करतात, हे नंतर उमगले. म्हणजे त्या वळणात पदार्थाच्या स्वभावाइतकाच नमुन्याच्या मळाचाही हात असतो.

मग पीळदार ग्राफीनवर हे लगेच का केले नाही? कारण नमुना फार लहान. ताठरपणा मोजणारी चांगली प्रयोगशाळा शोधायला आपल्याला मुंबईबाहेर जावे लागत नाही. कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने नायोबियम नायट्राइडच्या थरांचा ताठरपणा दोन वेटोळ्यांच्या पद्धतीने वर्षानुवर्षे मोजला आहे. थराच्या एका अंगाला एक वेटोळे, दुसऱ्या अंगाला दुसरे. एकाचे चुंबकीय क्षेत्र थर किती अडवतो ते दुसरे सांगते. जोड्या कधी जमतात आणि ताल कधी पक्का होतो, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे अशाच कामातून स्पष्ट झाले. पण त्या पद्धतीला मिलिमीटरच्या मापाचा थर लागतो. पीळदार ग्राफीनचा उपयोगी तुकडा असतो काही मायक्रोमीटरचा. दहा मायक्रोमीटर लांबी-रुंदीच्या दुहेरी पापुद्र्याचे वजन मी पाठीमागच्या कागदावर करून पाहिले : एका ग्रॅमचा साडेसहा लाख कोटींवा भाग. त्याने अडवलेले चुंबकीय क्षेत्र वेटोळ्याला जाणवणार तरी कसे?

इथे युक्ती उलटवली गेली. नमुना अनुनादकाच्या आत ठेवण्याऐवजी त्यालाच अनुनादकाचा एक भाग केला. एमआयटीच्या प्रयोगात ॲल्युमिनियमचा अनुनादक आहे. ॲल्युमिनियम सुमारे १.२ केल्विनच्या खाली अतिवाहक होते, त्यामुळे त्यात घुमणारी लहर सहसा विझत नाही. चिपवरच्या त्या अरुंद पट्टीचे एक टोक मोकळे, आणि दुसरे टोक जमिनीला, म्हणजे विद्युत अर्थाने ‘ग्राउंड’ला, ग्राफीनच्या पापुद्र्यांतून जोडलेले. तंबोऱ्याची तार जिथे अडकवली आहे तो आधारच किंचित लवत असेल, तर सूर किंचित उतरेल. ग्राफीन हा इथला आधार. तो किती लवतो ते सुराच्या उतरण्यावरून काढायचे.

लवतो म्हणजे काय होते? सूक्ष्मलहरीत धारा सेकंदाला काही अब्ज वेळा दिशा बदलते. प्रत्येक वेळी जोड्यांना थांबून उलट धावावे लागते, आणि वस्तुमान असलेल्या कशालाही हे एकदम जमत नाही. मालगाडीला थांबायला जसा वेळ लागतो तसा इथेही लागतो, रुळावर घर्षण नसले तरी. या जडत्वाचा परिणाम विद्युतमंडलात इंडक्टन्ससारखा दिसतो, म्हणून त्याला कायनेटिक इंडक्टन्स म्हणतात. जोड्या थोड्या असतील तर तेवढीच धारा वाहून न्यायला प्रत्येकीला जास्त वेगाने पळावे लागते. गतिज ऊर्जा वाढते, जडत्व वाढते, सूर उतरतो. जोड्या भरपूर आणि हलक्या असतील तर सूर फारसा उतरत नाही. जडत्व आणि ताठरपणा एकमेकांच्या व्यस्त. रोध शून्यावर थिजलेला असतानाही जडत्व बोलत राहते.

सूर मोजणे ही माणसाला सगळ्यात अचूक जमणारी गोष्ट आहे. तंबोरा लावणाऱ्याला मणी केसभर सरकवल्यावरचा फरक कळतो. यंत्राला त्याहून कितीतरी सूक्ष्म कळतो. आणि हा स्पर्श हलका असतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरीच्या एका कणाची ऊर्जा तापमानाच्या भाषेत सुमारे ०.२४ केल्विन. १ केल्विनला अतिवाहक होणाऱ्या साध्या पदार्थातली जोडी तोडायला साडेतीन केल्विनच्या आसपास लागते. म्हणजे नाडी पाहताना माणूस दचकत नाही.

कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात खरी अडचण ग्राफीन आणि ॲल्युमिनियम जिथे भेटतात त्या सांध्याची. सांध्यात थोडा जरी रोध राहिला तरी लहर तिथे विझते, आणि आपण सांध्याचे गुण ग्राफीनच्या नावावर मांडून बसतो. पापुद्रे अजूनही चिकटपट्टीने सोलले जातात, पीळ हाताखाली बघत द्यावा लागतो, आणि दोन्ही बाजूंनी हेक्झागोनल बोरॉन नायट्राइडच्या पातळ थरांत ते मिटून ठेवतात. जगभरातल्या असंख्य निबंधांच्या लेखकयादीत केन्जी वातानाबे आणि ताकाशी तानिगुची ही दोन नावे दिसतात ती या बोरॉन नायट्राइडमुळे. जपानमधल्या त्सुकुबाला हे दोघे प्रचंड दाबाखाली त्याचे स्फटिक वाढवतात आणि जगाला देतात. नव्या भौतिकशास्त्राच्या या अख्ख्या शाखेखाली दोन कारागिरांची गादी अंथरलेली आहे. तिच्यावर कुणी तरी सवडीने लिहायला हवे.

आता निकालाकडे. एमआयटीच्या निबंधाचा मुख्य आकडा असा : दोन पापुद्र्यांच्या जादुई कोनाच्या ग्राफीनचा ताठरपणा नेहमीच्या सिद्धान्तातून येणाऱ्या अंदाजाच्या सुमारे दहापट निघाला. हा आकडा चक्रावून टाकतो, आणि का, ते समजून घेतले पाहिजे.

१.१ अंशाच्या पिळाने दोन जाळ्यांची एकमेकांवर सुमारे १३ नॅनोमीटरची नक्षी उमटते. दोन मच्छरदाण्या एकमेकींवर किंचित तिरक्या पडल्या की मोठे ठिपके दिसतात, तशी. नक्षीच्या एका घरात सुमारे ११,००० अणू. त्या घरामागे दोन इलेक्ट्रॉन कमी केले की त्या आसपास अतिवाहकता दिसते. अकरा हजारांत दोन! या कोनाला इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा पट्टा जवळजवळ सपाट होतो, हे रफी बिस्ट्रिट्झर आणि ॲलन मॅकडोनाल्ड यांनी २०११ सालीच गणिताने सांगितले होते. सपाट पट्टा म्हणजे इलेक्ट्रॉन जवळपास जागचे हलत नाहीत. व्यवहारात ते फार जड झालेले असतात. नेहमीच्या हिशेबात ताठरपणा म्हणजे इलेक्ट्रॉनांची संख्या भागिले वस्तुमान. इथे संख्या थोडी आणि वस्तुमान अवाढव्य. मग ताठरपणा नगण्य हवा, आणि अतिवाहकता टिकायलाच नको. ती टिकते.

यावरचा तोड २०१५ साली, म्हणजे जादुई ग्राफीन सापडण्याच्या आधीच, फिनलंडमध्ये सेबास्तियानो पेओत्ता आणि पाइव्ही टोर्मा यांनी सुचवला होता. सपाट पट्ट्यात एकटा इलेक्ट्रॉन हलत नाही, कारण वेगवेगळ्या वाटांनी जाणाऱ्या त्याच्या लहरी एकमेकींना खोडून काढतात. पण दोन इलेक्ट्रॉनांत आकर्षण असले, तर हे काटेकोर खोडणे बिघडते आणि जोडी म्हणून ते पुढे सरकू शकतात. किती सरकतील ते शेजारच्या लहरी एकमेकींवर किती पसरल्या आहेत यावर ठरते. या पसरण्याच्या मापाला क्वांटम भूमिती म्हणतात. जाता जाता : याच भूमितीचा दुसरा अर्धा भाग म्हणजे बेरी वक्रता, आणि तिच्या मागच्या कल्पनेचा एक आद्य उच्चार एस. पंचरत्नम यांनी १९५६ साली बंगळुरूला प्रकाशाच्या ध्रुवणावर काम करताना केला होता.

तर ताठरपणाला दोन वाटे : एक वस्तुमानातून येणारा, दुसरा भूमितीतून येणारा. पहिला अगदी लहान असायला हवा आणि मोजलेला आकडा मोठा आला, म्हणून उरलेला सगळा भूमितीचा, असा युक्तिवाद बातम्यांतून आपल्यापर्यंत पोहोचला. इथे मी थांबतो.

दहापट हा आकडा दोन राशींचे गुणोत्तर आहे. वरची राशी मोजलेली आहे, आणि ती फार चांगली मोजलेली आहे. खालची राशी मोजलेली नाही, हिशेबाने काढलेली आहे. तिच्यात इलेक्ट्रॉनांचे वस्तुमान किंवा वेग घालावा लागतो. पट्टा नेमका किती सपाट? खऱ्या नमुन्यात तो पूर्ण सपाट कधीच नसतो. इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या ढकलाढकलीने तो रुंदावू शकतो, आणि पिळाचा कोन एकाच तुकड्यात जागोजागी थोडा बदलतो हेही या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. छेदातला आकडा वर गेला तर गुणोत्तर खाली येते. ते खाली येऊन एक होईल असे मला वाटत नाही, दहापट हे अंतर मोठे आहे. शिवाय २०२३ साली ओहायो स्टेट विद्यापीठातल्या गटाने, अतिवाहकता मोडणाऱ्या धारेवरून, म्हणजे अगदी वेगळ्या वाटेने, भूमितीकडेच बोट दाखवले होते. दोन वेगळ्या वाटा एका गावाला पोहोचल्या तर गाव असण्याची शक्यता वाढते. तरी ‘भूमितीच्या अंदाजांशी मिळतेजुळते’ आणि ‘भूमितीमुळे’ ही दोन विधाने वेगळी आहेत. तनाका आणि सहकारी आपल्या निबंधात पहिल्यापाशी थांबतात. त्यांच्या नावाने दुसरे छापले गेले.

तापमानाची गोष्ट अधिक नाजूक. एमआयटीच्या दोन पापुद्र्यांत ताठरपणा तापमानाच्या एका घाताच्या प्रमाणात उतरतो. साध्या, सर्व दिशांना सारख्या जोड्यांच्या सिद्धान्ताशी हे जुळत नाही. म्हणून जोडी तोडण्याची किंमत दिशेप्रमाणे बदलत असावी, असा त्यांचा निष्कर्ष. आणि नेहमीचा हिशेब धरा किंवा भूमितीचा, तो तसाच राहतो असे ते सांगतात. हार्वर्डच्या तीन पापुद्र्यांत अतिथंडीतला उतार सरळ रेषेचा निघाला, १९९३च्या स्फटिकासारखा. त्यावरून ते काही दिशांना किंमत थेट शून्य आहे असे म्हणतात. हे विधान एमआयटीच्या विधानापेक्षा अधिक धीट आहे, आणि ते एकट्या उतारावर उभे नाही. धारा वाढवल्यावर ताठरपणा ज्या तऱ्हेने बदलतो, तीही त्यांना त्याच दिशेला नेते. एमआयटीने हीच कसोटी लावली तेव्हा ताठरपणा धारेच्या वर्गाप्रमाणे घटलेला दिसला, म्हणजे जुन्या गिन्झबर्ग-लँडाऊ सिद्धान्ताला धरूनच.

मग दोन पापुद्रे आणि तीन पापुद्रे यांच्या जोड्यांचा स्वभाव खरोखर वेगळा, की एका नमुन्यात कोनाची गडबड जास्त? व्हँकुव्हरची गोष्ट मघाशी सांगितली ती यासाठी. तिथे सरळ रेषा आधीपासून होतीच, मळाने ती वाकवली होती, आणि स्वच्छ स्फटिक मिळेपर्यंत लोक वाकलेल्या रेषेचे अर्थ लावत बसले होते. ग्राफीनचा ‘स्वच्छ स्फटिक’ अजून कुणापाशी नाही. त्यामुळे घातावरून जोड्यांचा आकार ठरवणारे विधान मी आज पेन्सिलीनेच लिहीन. ताठरपणा मोठा आहे, हे मात्र शाईने.

हार्वर्डच्या निबंधातली एक गोष्ट बातम्यांत जवळपास हरवली. मला ती दोन्ही निबंधांतली सर्वांत वजनदार वाटते. गेटवर विभव देऊन ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन कमी-जास्त करता येतात. त्यासाठी नवा नमुना लागत नाही. तसे करत गेल्यावर अतिवाहकतेचे तापमान आणि अतिथंडीतला ताठरपणा हे दोघे सरळ प्रमाणात एकत्र चढतात-उतरतात. तांब्याच्या ऑक्साइडांत असाच संबंध १९८९च्या सुमारास यासुतोमो उएमुरा आणि सहकाऱ्यांनी म्युऑन वापरून दाखवला होता. तिथे प्रत्येक बिंदूसाठी वेगळा पदार्थ बनवावा लागे, आणि पदार्थ बदलला की मळही बदले. इथे तुकडा तोच, मळ तोच, बदलतो फक्त गेटचा विभव. जोड्या जमणे आणि ताल बसणे यांत तालाची बाजू लंगडी आहे, तापमानाला तीच अडवते, असे या सरळ रेषेतून सूचित होते. ‘गूढ उकलले’ असे यावर लिहिता येत नाही, म्हणूनच बहुधा कुणी लिहिले नाही.

या सगळ्यात कुलाबा पुन्हा एकदा येते, उलट्या दिशेने. २०२२ साली टाटा इन्स्टिट्यूटमधल्या मंदार देशमुख आणि आर. विजय यांच्या गटांनी ग्राफीनचा जोसेफसन सांधा सूक्ष्मलहरींच्या मंडलात बसवून एक प्रवर्धक तयार केला. पुंजभौतिकीने आखून दिलेल्या गोंगाटाच्या किमान मर्यादेच्या जवळ तो चालतो, आणि त्याचा सूर गेटने बदलता येतो. त्याच सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या गटानेही तसाच प्रवर्धक दाखवला. इकडे अनुनादक ग्राफीनची परीक्षा घेतो, तिकडे ग्राफीन अनुनादकाच्या कामी येते. सोलायला, मिटायला आणि जोडायला लागणारा हात दोन्हीकडे एकच, आणि तो हात मुंबईत आहे. म्हणून या विषयावर मराठीत लिहिताना आपण लांबून आलेल्या बातमीचे भाषांतर करत आहोत, असा सूर लावायचे कारण नाही.

पुढे मला वाचायला आवडेल तो निबंध असा : एकाच तुकड्यावर इलेक्ट्रॉनांचे वस्तुमान स्वतंत्रपणे मोजलेले असेल आणि ताठरपणाही, म्हणजे गुणोत्तराचा छेदही हिशेबातून न येता हाताने मोजलेला असेल. आणि हे जादुई कोनाच्या अलीकडे-पलीकडे चार-सहा कोनांवर केलेले असेल. कोन सुटत गेला की पट्टा सपाट राहत नाही, वस्तुमानाचा वाटा वाढायला हवा, भूमितीचा प्रभाव ओसरायला हवा. हा बदल अंदाजाप्रमाणे दिसला तर मी दहापटीचे कारणही शाईने लिहीन.

२०१८च्या त्या लेखाचे कात्रण माझ्यापाशी आहे. ‘मोजण्यासारखे काही उरत नाही’ या वाक्याखाली मी रेघ मारली, आणि समासात लिहिले : उरतो, ताठरपणा, २०२५. त्याच्या पुढे ‘कारण’ असा शब्द लिहून एक जागा रिकामी ठेवली आहे.